ज्याचा फोटो त्याला

आजारपण सुरू झाल्यापासून थोरलीने एकही फोटो काढू दिला नव्हता. कुणी मोबाइल उचलला की पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायची. "विसरलात तरी चालेल, पण ह्या अवतारात मला साठवून ठेवू नका."

धाकट्या बहिणीला मात्र तिचा एक फोटो हवा होता. आत्ताचा, ह्याच चेहऱ्याचा. डॉक्टरांनी बोलता बोलता नजर चुकवली, त्या दिवसापासून तिच्या जिवाला तेवढा एकच घोर लागला होता.

धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची आणि रविवारी हौशी मंडळींच्या घोळक्यात रमायची. ठोकळ्यासारखे जुने कॅमेरे. बटण दाबलं की कॅमेरा जीभ काढल्यासारखा चौकोनी कागद बाहेर काढतो आणि त्यावर सावकाश चित्र उमटतं. मधे ही फिल्म मिळेनाशी झाली होती, आता पोराटोरांना तिचं पुन्हा वेड लागलं होतं. त्यांच्यात ही एकटी मावशी. त्यांचा नियम असा, की ना निगेटिव्ह ना दुसरी प्रत, तेव्हा फोटो ज्याचा, त्यालाच द्यायचा. काढणाऱ्याने हात हलवत घरी जायचं.

हा नियम कानावर पडला आणि थोरलीने पांघरुणातून डोकं बाहेर काढलं.

"म्हणजे तुझ्याकडे राहणार नाही?"

"नाही."

"चारचौघांत फिरवणार नाहीस?"

"फिरवू काय? कागद आहे तो."

"मग काढ. ह्यांनी हार घालायला माझा कुठला फोटो निवडून ठेवलाय, ठाऊक आहे? कुणाच्या तरी लग्नातला. शेजारची बाई कापून टाकली, पण तिचा हात माझ्या खांद्यावर तसाच."

"हात कापला असता तर खांदाही गेला असता," दारातून भावोजी पुटपुटले.

कॅमेऱ्यात दोनच फोटो शिल्लक होते. धाकटीने पलंग खिडकीशी ओढला, श्वास रोखून बटण दाबलं. खोली गारठलेली, आणि गारठ्यात हे फोटो निळे पडतात. म्हणून कागद बाहेर येताच तिने तो पटकन थोरलीच्या पांघरुणात सरकवला. तिथे पायाशी गरम पाण्याची पिशवी होती, ते घाईत ध्यानातच राहिलं नाही. काढून बघतात तर थोरली गाजरासारखी लाल!

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. थोरलीने फोटो डोळ्यांजवळ नेला, निरखला, आणि हसली. हसता हसता खोकली.

"लोक म्हणतील, बाई गेली ती लाजूनच गेली."

"ताई, एकच उरलाय." धाकटीने कॅमेरा छातीशी धरला. "आणि तो मला हवाय गं. खड्ड्यात गेला नियम."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. लहानपणी खाऊतला मोठा तुकडा देण्याआधी बघायची, तशी.

"नियम कशाला मोडतेस? चल, सरकून बस इथे. अहो, तुम्ही घ्या तो कॅमेरा. आणि ह्या खेपेला माणसं पुरती येऊ द्या."

धाकटी शेजारी टेकली. थोरलीने डोक्याचा रुमाल काढून बाजूला ठेवला. भावोजींनी बटण दाबलं, कागद निघाला, आणि ते तो पंख्यासारखा हलवायला लागले.

"हलवू नका!" दोघी एकदम ओरडल्या.

"आता हा दोघींचा झाला," थोरली म्हणाली. "मी आहे तोवर माझ्याकडे."

 धाकटीने तिच्या खांद्यांवर शाल ओढली.

पिशवी ह्या वेळी लांब ठेवली. थोरलीने फोटो शालीच्या आत घेतला आणि तापमापक धरावा तसा काखेत धरला. भावोजी उगाच खिडकीची कडी लावायला गेले आणि तिथेच उभे राहिले. दोघी बहिणी खांद्याला खांदा लावून बसून होत्या. बराच वेळ गेला.

"उमटला असेल गं आता," धाकटी हळूच म्हणाली.

"असेल." थोरलीने हात कुशीशी आणखी घट्ट दाबला. "राहू दे थोडा. अजून ऊब आहे अंगात."