आठचा रिपोर्ट

"खरं सांगा हं," शोभना म्हणाली. "नेहमीसारखं करू नका."

राजाभाऊंनी मान डोलावली. सोळा टॉवरांवर नजर ठेवणारा हा सिक्युरिटी सुपरवायझर आज आखातातल्या अल नहदा वस्तीत आपल्याच बिल्डिंगमागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा कोपरा हेरून गाडीत बसला होता. वर घरात त्यांची लेक ईश्वरी अभ्यास करत होती. तिला काही कळू द्यायचं नव्हतं.

राजाभाऊंच्या जुन्या पलटणीतला संजय आता मुलाकडे दुसऱ्या देशात असे. तिथे डॉक्टर माजी सैनिकांना अळंबीतलं एक औषध देत, दिवसभर शेजारी बसत आणि आत गाडलेलं बाहेर येऊ देत. संजयला कितीतरी वर्षांनी झोप लागली होती. पुढल्या तुकडीसाठी त्यानेच राजाभाऊंचं नाव सुचवलं. इकडे त्या औषधाचं नाव काढायचीही चोरी. रक्तात सापडलं तर नोकरी, व्हिसा, सगळं खलास. म्हणून ते अंगातून पुरतं उतरेपर्यंत तिथेच राहायचं ठरलं होतं. त्यासाठी राजाभाऊंनी दोन वर्षांची रजा साठवली होती. राहिली होती फक्त ही मुलाखत.

फोनच्या पडद्यावर तिथल्या डॉक्टर एमान आल्या. राजाभाऊंची पाठ आपोआप ताठ झाली.

"नींद कैसी है?"

"ठीक है, मॅडम."

"तेज़ आवाज़ से तकलीफ़?"

"नहीं, मॅडम."

शोभनाने त्यांच्या मांडीला चिमटा काढला. "अहो, बंकरचं सांगा ना."

बंकरमधून त्यांनी दोघांना ओढून काढलं होतं. तिसरा आतच राहिला. हे त्यांनी बायकोलाही एकदाच सांगितलं होतं.

"पुराना कुछ याद आता है?"

"सब ठीक है, मॅडम."

शेवटी शोभनाच फोनपाशी वाकली. "मॅडम, ये झूठ बोल रहे हैं."

"मुझे इनसे सुनना होगा," डॉक्टर मऊपणे म्हणाल्या.

राजाभाऊ हसले. "वो ज़रा घबराती है, मॅडम."

फोन बंद झाला. 'ठीक नाही' म्हणणाऱ्याला पलटण मागे ठेवते, हे विसाव्या वर्षी अंगात भिनलेलं. ते पन्नाशीत कसं सुटावं?

"काय केलंत हे?"

"खरं सांगायला तोंडच उघडलं नाही गं," ते म्हणाले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

आठवड्याने मेल आली. प्रकृती उत्तम असल्याबद्दल अभिनंदन. जागा दुसऱ्या गरजूला दिली आहे.

दोन डिसेंबरला, इथल्या राष्ट्रीय दिनाच्या संध्याकाळी, आतषबाजी सुरू झाली.

"बाबा, कम ना! इट्स सो प्रिटी!" गॅलरीतून ईश्वरीने हाक मारली.

बाबा पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत पालथे पडले होते, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. शोभनाने दार लावून घेतलं. तेवढ्यात त्यांच्या फोनचा गजर वाजला. आठ वाजले होते. सुट्टी असो वा नसो, आठला कंपनीच्या ग्रुपवर सुपरवायझरचा रिपोर्ट जावाच लागे.

"काय लिहू?" तिने विचारलं.

ते भिंतीला आणखी चिकटले. तिने फोन उचलला, 'ऑल ओके' लिहून पाठवलं आणि फरशीवर बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.