गच्चीवरच्या चार टाक्या

मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या त्या इमारतीत बिऱ्हाडं चार आणि गच्चीवर पाण्याची मोठी टाकी एकच. बारा वर्षं कोण किती पाणी वापरतो हे कुणी विचारलं नाही. मग प्रतापने विचारलं.

प्रताप पुण्याचा, एका विमा कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फक्त वादात जिंकल्याशिवाय त्याला जेवण पचत नसे. दर शुक्रवारी दुपारी समोरच्या लेस्लीकडे चहा व्हायचा आणि चहाबरोबर वाद. लेस्ली वसईचा, गाला नावाच्या कारखान्यांच्या भागात एका गॅरेजमध्ये फोरमन. त्याच्या वडिलांनी गावात केळीवाल्यांची सहकारी सोसायटी उभी केली होती, आणि त्या सोसायटीचं कौतुक लेस्लीच्या बोलण्यात दर शुक्रवारी एकदा तरी येणारच.

"माणसाला मोकळं सोडा," प्रताप म्हणायचा. "ज्याचं त्याला सांभाळू द्या. तुमच्या समाजवादात काटकसर करणारा मरतो आणि उधळ्याचं फावतं."

"आणि तुझ्या उदारमतवादात ज्याच्याकडे आहे तोच मोकळा," लेस्ली हसायचा. "एकट्याची केळी बाजार गाठेपर्यंत काळी पडतात, बाबा. आमच्या गावात ट्रक आला तो चाळीस जणांनी मिळून घेतला म्हणून."

लेस्लीची म्हातारी आई, इव्हॉनमावशी, दोघांपुढे केकची बशी सरकवायची. "गाव करी ते राव न करी. खा आधी, नाहीतर भांडायला ताकद कुठून येणार?" प्रतापच्या बशीत तुकडा नेहमी मोठा पडायचा. तिचा त्याच्यावर जीव होता.

२००६च्या उन्हाळ्यात टाकी दोनदा तळाला गेली. लेस्लीच्या घरी माणसं सहा, प्रतापच्या घरी तीन. प्रतापने सगळ्यांना बोलावलं आणि मुद्देसूद मांडलं: मोठी टाकी काढा, प्रत्येकाची वेगळी छोटी टाकी बसवा, आपापलं कुलूप लावा. मालकाने स्वतःहून दिल्याशिवाय दुसऱ्याच्या टाकीला हात लावायचा नाही. तीन हात वर गेले. विरोधात लेस्ली एकटा.

"ठरलं म्हणजे ठरलं," तो म्हणाला, आणि पुढच्या शुक्रवारी चारही टाक्यांचे पाइप त्यानेच जोडून दिले. प्रतापला आपण जिंकलो असं वाटलं. त्या दिवशी खरोखर थोरपणाने कोण वागलं, हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही.

पुढच्या जूनमध्ये गोनू वादळ आलं. प्रताप तेव्हा कंपनीच्या कामासाठी महिनाभर दूर दक्षिणेला सलालाह शहरात होता, सोबत बायको किशोरी आणि मुलगा क्षितिज. मस्कतमध्ये रस्ते वाहून गेले, वीज गेली, नळ बंद पडले. तिसऱ्या दिवशी प्रतापला कसाबसा लेस्लीचा फोन लागला.

"आम्ही ठीक आहोत," लेस्ली म्हणाला. "पण लाइट नाही, पाणी खलास. आम्हा तिघांच्याही टाक्या संपल्या. पहाटेपासून टँकरच्या लायनीत उभा होतो, आत्ता दोन बाटल्या घेऊन घरी आलो." मग तो थांबला. बराच वेळ थांबला.

प्रतापला ते थांबणं कळलं. घर बंद असल्याने त्याची टाकी काठोकाठ भरलेली होती. शेजारी उभी किशोरी कुजबुजली, "अहो, सांगा ना त्यांना, कुलूप तोडा म्हणावं." शब्द प्रतापच्या ओठांवर आलेच होते. पण दोन-तीन दिवसांत आपणही परतणार, पोराला घरात थेंब पाणी नसेल, हा हिशेब त्याच्या मनाने तेवढ्यात केला.

"येईल रे टँकर. इन्शाल्ला," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

तो परतला तेव्हा इव्हॉनमावशी हॉस्पिटलच्या शवागारात होती आणि लेस्ली तिला वसईला न्यायच्या कागदांसाठी धावत होता. उकाड्यात तिच्या अंगातलं पाणीच संपलं होतं, असं लेस्लीच्या बायकोने, ऑड्रीने सांगितलं. घरच्यांनी नको म्हटलं तरी म्हातारी आपल्या वाट्याचं पाणी गुपचूप नातवाला, शेरविनला द्यायची आणि विचारलं की म्हणायची, मी प्यायले. बेशुद्ध पडली तेव्हा कुठे कळलं, आणि मग वाहून गेलेल्या रस्त्यांतून वाट काढेपर्यंत उशीर झाला.

प्रतापला रडू आवरेना. त्याने लेस्लीचे दोन्ही हात धरले. "अरे, तोडायचं होतंस कुलूप! मी काही बोललो असतो का? गॅरेजवाला माणूस तू!"

"मिनिटभराचं काम होतं," लेस्ली म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि प्रतापला तो हवा होता. "पण सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. माझं मत हरलं म्हणून मीच मोडायचं? तसं असतं तर आमच्या गावची सोसायटी वर्षभरसुद्धा चालली नसती."

"मग मागायचं तरी होतंस मला!"

लेस्लीने हळूच आपले हात सोडवून घेतले. "तू फोन ठेवलास तेव्हा आईने विचारलं, कोण होतं? म्हटलं, प्रताप. तिचा चेहरा केवढा उजळला. म्हणाली, 'परतापचा फोन आला ना, मग आता पाण्याची काळजी नाही. माझ्या वाट्याचं सगळं पोराला पाजा.'"