शिळं पाणी

रसिकाने कॉलेजच्या बागेतून बारा फांद्या आणून लावल्या होत्या. त्यांतली ही एकच जास्वंद जगली होती. आणि आता दाराबाहेरच्या कुंडीत तिचीही पानं पिवळी पडून गळत होती. देठांवर कापसासारखी पांढरी कीड बसली होती.

"पाणी कमी पडतंय गं तिला," आई म्हणाली.

रसिकाने रोप उपटून पाहिलं. मुळं काळी पडून कुजली होती, आणि कुंडीच्या तळाचं भोक चिंधीने गच्च बुजवलेलं होतं.

"हे कुणी केलं?"

"मीच. खालच्यांच्या दारात पाणी गळायचं."

रसिकाचा पारा चढला. दिवा उपनगरात नळाला जेमतेम तासभर पाणी येतं, आणि त्याच दिव्यात तिचं झाड पाण्यात बुडून मरत होतं! रोज नळ आला की आदल्या दिवशी भरलेले हंडे शिळे ठरायचे आणि कुंडीत रिकामे व्हायचे.

भोकातली चिंधी काढून, कुजकी मुळं कापून, कीड साबणाच्या पाण्याने पुसून तिने झाड कोरड्या मातीत लावलं. सकाळी नळ आला तशी आई हंडा घेऊन दारात हजर.

"एका दिवसात शिळं व्हायला पाणी म्हणजे काय भात आहे?" रसिकाने त्याच हंड्यातलं पेलाभर पाणी तिच्यासमोर घटाघटा पिऊन टाकलं. "बघ. झालं का मला काही?"

आईने हंडा खाली ठेवला. तेवढ्यात शेजारचे दौलतकाका कालच्या पाण्याची कळशी घेऊन आले आणि सवयीने कुंडीवर वाकले.

"खबरदार!" आई कडाडली. "पाणी कधी शिळं होतं होय? प्या ते!"