एकटीला विचारा

सोमवारची सकाळ. खासदारांच्या घराच्या मागच्या खोलीत त्यांची धाकटी बहीण नेहमीप्रमाणे टपाल फोडत बसली होती. लोक तिला ताई म्हणत. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, त्याला बारा वर्षं झाली. वडिलांनी तिला ही खोली दिली आणि दादाने काम दिलं: पत्रांना उत्तरं लिहायची, सभागृहातली भाषणं टाइप करायची. दादाच्या तोंडचं प्रत्येक वाक्य आधी ताईच्या बोटांखालून गेलेलं असे. देवापुढे उभी राहिली की ती पहिल्यांदा त्याच्यासाठी हात जोडायची, मग स्वतःसाठी. बहुतेकदा स्वतःचं राहूनच जायचं.

दर सोमवारी व्हरांड्यात बायका गाऱ्हाणी घेऊन येत. दोन वर्षांपूर्वी त्यांत एक इस्त्रीवाली आली होती. वडिलांच्या घरातला आपला वाटा तिने भावांना लिहून दिला होता.

"मग सही केलीस कशाला, बाई?" ताईने विचारलं होतं.

"भावाचा वाढदिवस होता. घर माणसांनी भरलेलं. मिठाईचं ताट, बाजूला कागद. भाऊ म्हणाला, 'आक्का, तुझ्या खुशीनं हं!' चाळीस माणसांत तोंड वाकडं कसं करू? केली सही, खाल्ली मिठाई. आता गेले की दारातच पाणी विचारतात."

दादा तेव्हा बहिणींच्या वारसाहक्काचं विधेयक आणत होता. ती गेल्यावर ताईने त्यात नववं कलम लिहिलं. हक्क सोडणाऱ्या बहिणीला अधिकाऱ्याने बंद खोलीत एकटीला विचारावं, घरचं कुणीही आत असू नये. दादाने ते सभागृहात मांडलं तेव्हा त्याचा गळा दाटून आला. टीव्हीपुढे बसलेल्या ताईने पदराने डोळे टिपले. वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

गेल्या आठवड्यात विधेयक मंजूर झालं. आज त्याची छापील प्रत टपालात होती. ताईने हात धुतले, पदराला पुसले आणि पानं उलटली. कलम सात, कलम आठ. नवव्याच्या जागी नोंदणी शुल्काचं कलम. तिने पुन्हा मागून मोजलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत टीप होती: मूळ कलम नऊ, विधेयक मांडणाऱ्या सदस्यांच्याच विनंतीवरून वगळले. खाली तारीख. वडील गेले त्याच आठवड्यातली.

"ताई, अहो, बाहेर या ना! सगळे खोळंबलेत," वहिनींनी हाक मारली.

दिवाणखान्यात दादा, मामा, दोन काका, दादाचा सचिव. मध्ये मिठाईचं ताट. बाजूला कागद.

"ये, चिमणे, बस," दादा म्हणाला. "विधेयक मंजूर झालं, तोंड गोड कर. आणि घराच्या कागदावर ही एवढी सही. नुसता सोपस्कार. आपल्यात कसलं आलंय माझं-तुझं?"

"कर गं," मामा म्हणाले. "तुला काय कमी केलंय त्यानं? खोली कुणी काढून घेतोय का?"

"तसं यात लिहिलंय का, मामा?"

वहिनी ताट सरळ करत राहिल्या. ते आधीच सरळ होतं.

"दादा, नववं कलम तू काढलंस?"

दादाने सचिवाकडे पाहिलं, सचिवाने छताकडे. घरचं टपाल कोण फोडतं हे दोघंही विसरले होते.

"ते ठेवलं असतं तर विधेयकच पडलं असतं," दादा म्हणाला. "तिथे प्रत्येकाच्या घरी बहीण आहे. राजकारणात थोडं पुढेमागे करावं लागतं."

"मग हा कागद कुठल्या राजकारणातला?"

"हे बघ, माझ्या छपराखाली राहून..."

"तुझ्या?" ताई म्हणाली. आवाज चढला नाही. डोळे मात्र भरले. "भाषणात गळा दाटून आला होता ना रे तुझा? मी खरंच समजले होते."

तिने कागद उचलला, मागच्या खोलीत गेली आणि आतून कडी घातली. खुर्चीवर बसली. नवव्या कलमात स्वतःच लिहिलेला प्रश्न स्वतःलाच मोठ्याने विचारला: "बाई, हा हक्क तुम्ही आपल्या खुशीने सोडता का?"

बारा वर्षांत तिला कुणी काही असं विचारलं नव्हतं. उत्तर द्यायला तिला वेळ लागला. लहानपणी धरलेलं भावाचं बोट आठवलं, वडील आठवले. मग सहीच्या जागी तिने दोन अक्षरं लिहिली: नाही.

कागद तिने मिठाईच्या ताटाशेजारी ठेवला. दादा काहीतरी बोलत होता. ती व्हरांड्याकडे वळली.

बायका जमल्या होत्या. सगळ्यांत पुढे तीच इस्त्रीवाली, धुवट लुगड्यात, आज धाकट्या बहिणीला सोबत घेऊन.

"ताई, कायदा झाला ना? हिच्याकडे पुढच्या महिन्यात कागद येणार आहे. आता हिला तरी एकटीला विचारतील ना?"

आतून दादाची हाक आली, "चिमणे! बाहेर काही बोलू नकोस हं!"

ताईने खुर्ची ओढली.

"नाही विचारणार," ती म्हणाली. "ते कलम काढून टाकलं. कुणी काढलं, तेही सांगते. बसा सगळ्या."