दाताने तोडलेली गोळी

माझ्या धाकट्या दिराला डॉक्टरकीचा भारी सोस. आमचा पुस्तकबांधणीचा कारखाना. तिथे खळीच्या पातेल्याशेजारी त्याचा औषधांचा पत्र्याचा डबा असायचा. पाकिटावरचं नाव वाचायची भानगडच नव्हती; लाल ती दुखण्याची, एवढंच त्याचं शास्त्र. कामावरच्या एखादीला अख्खी जड जाईल म्हणून गोळी दाताने तोडायचा, अर्धी तिच्या तळहातावर ठेवायचा आणि उरलेली अर्धी, ओली तशीच, डब्यात परत. इतकी वर्षं झाली, तरी तो डबा मला विसरता येत नाही.

एरवी ते दिवस सोन्यासारखे होते. नव्या कागदाचा वास, छापील फर्म्यांच्या घड्या घालत समोरासमोर बसलेल्या आम्ही दोघी जावा, आणि गिऱ्हाइकांच्या नकला करून मला हसवणारी ती. ती म्हणजे याच दिराची बायको.

तिची गर्भपिशवी आणि अंडाशयं काढली तेव्हा तिने चाळिशीही ओलांडली नव्हती. अंगातून वाफा निघायच्या, झोप उडाली. डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या आणि ती पुन्हा माणसात आली. तर नवऱ्याने सगळ्या कामगारांसमोर विचारलं, "काय गं, परत सोळा वर्षांची व्हायचंय का?" लोक दात काढून हसले. तेव्हापासून ती त्या गोळ्या कपड्यांच्या घडीत लपवून ठेवायची आणि चोरून घ्यायची; त्याला वाटलं, सोडल्या. एकट्या मला ठाऊक होतं.

मग तिची डावी पोटरी दुखायला लागली. लाल गोळ्या सुरू झाल्या, सकाळ-संध्याकाळ.

"बघा वहिनी, उतरलं की नाही दुखणं?" तो ऐटीत म्हणाला.

दुखणं उतरलं होतं, पाय मात्र सुजत चालला होता. एका दुपारी मी कारखान्यावरच्या त्यांच्या खोलीत गेले, तर तो तिची पोटरी अंगठ्यांनी रगडत बसलेला. नखांतल्या वाळलेल्या खळीचे पापुद्रे तिच्या पायावर गळत होते. पाय तुकतुकीत, लाल, दुसऱ्याच्या दीडपट.

"भाऊजी, हात काढा."

"अहो, रक्त मोकळं करतोय."

"हात काढा म्हटलं ना!"

मी तिला उठवून मोठ्या दवाखान्यात नेलं. हा आलाच मागोमाग, डॉक्टरांना समजावून सांगायला.

"आणखी काही औषधं चालू आहेत?" तिथल्या डॉक्टरांनी तिला विचारलं.

"काही नाही," हाच बोलला. "घरातलं औषधपाणी मीच बघतो."

जाऊ खाली मान घालून बसली. मी म्हटलं, "भाऊजी, जरा बाहेर बसा."

"का? नवरा आहे मी तिचा."

"म्हणूनच."

तो हलला नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने मान वर केली.

"हार्मोनच्या गोळ्या घेते मी, रोज," ती म्हणाली. "आणि ह्यांच्या हातची लाल गोळी. दाताने तोडलेली."

"शी!" डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं.

तपासणीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ह्याच्या खिशातल्या लाल गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचून डॉक्टरांनी समजावलं, हार्मोनच्या गोळ्यांनी क्वचित गुठळी होते. असल्या दुखण्याच्या गोळ्या बरोबर घेतल्या तर धोका वाढतो. त्यात दुखणं दबल्यामुळे गुठळी लक्षातच आली नाही. "एकच पाय सुजला, तर गोळीने दुखणं मारायचं नाही, रगडायचं नाही, तडक यायचं. आता रक्त पातळ करायचं औषध चालेल, त्यावर ही लाल गोळी घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. काही दुखलंच तर साधी पॅरासिटामॉल, तीही विचारून. औषधाच्या दुकानातसुद्धा आधी सांगायचं, हार्मोन घेते म्हणून. हार्मोनचं पुढे काय करायचं ते तुमच्या डॉक्टरीणबाईंशी बोलून ठरवू."

"म्हणजे वाचेन ना मी?" जावेने विचारलं.

"वेळेत आलात."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, आता तरी हा तिचा हात धरेल. हा डॉक्टरांच्या कानाशी वाकला.

"कामगारांना चालेल ना मग ती लाल? डबा भरलेला आहे."

"ताई," जाऊ डोळे न उघडता म्हणाली, "ह्यांना घेऊन जा. मला ओकारी येतेय."

मी त्याची बाही धरून त्याला बाहेर काढलं. मग नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून, दोनदा.