मालगुजाराहून पांढरं

केशोराव मालगुजाराने दौत उचलली आणि भरल्या कचेरीत शालीकराम दिवाणजीच्या धोतरावर उपडी केली.

"आता सांग बे, मालगुजार कोन? मी का तू?"

"तुमीच, मालक."

"मंग माह्याहून पांढरं काऊन नेसून राहिला?"

धोतर पांढरं होतं हे खरंच. सौंदडला नवी नवी आगगाडी येऊ लागली त्या काळातली ही गोष्ट. शालीकरामची बायको देवकाबाई धोतराला पेजेची खळ अशी द्यायची, की रात्री सोडलेलं धोतर कोपऱ्यात आपलं आपण उभं राहायचं. एकदा चोर शिरला, तर त्यालाच रामराम घालून परत गेला. दिवाणजी बांधावरून निघाले की बगळे मागे लागत. खोटं वाटत असेल तर बगळ्यांना विचारा. पण घात केला तो गोंदियाच्या चुन्नीलालने. हा धानाचा व्यापारी कचेरीत पहिल्यांदाच आलेला. गादीवरचे केशोराव त्याला दिसलेच नाहीत. सरळ शालीकरामपुढे वाकला, "मालिक, जय रामजी की!"

तेव्हापासून केशोरावाच्या पोटात निखारा होता.

"उद्यापासून मळकं नेसून ये," तो गुरगुरला, "नाही तं येऊच नोको."

घरी देवकाबाईने धोतरावरची शाई पाहिली.

"मी जित्ती असतानी तुमी मळके जासान? लोक मले थुकतीन ना!"

"नोकरी जाईन वो."

"जात नाही. धुतलेलंच नेसा, पन काळं. आता टाका मनाव किती शाई टाकता तं!"

तिने हिरड्याचा काढा केला, त्यात नांगराचा गंजका फाळ बुडवला, आणि धोतर, बंडी, उपरणं सारं अमावास्येसारखं काळं करून काढलं. वर निऱ्या सुरीसारख्या.

दुसऱ्या दिवशी कचेरीतली कुळं तोंडात बोटं घालून बघत राहिली. काळं धोतर आजवर कोणी नेसलं होतं?

"कोन मेलं बे तुया घरी?" केशोराव ओरडला. दौत फेकली. शाई धोतरात कुठे जिरली ते कळलंही नाही. कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

"काढ."

"मालक..."

"काढ मनतो ना! धोतर बी, बंडी बी!"

शालीकरामने कासोटा सोडला. निरी मोडू न देता घडी घातली, शेजारी ठेवली आणि लंगोटीवर लिहायला बसला. कुळं खाली मान घालून एकेक पुढे येत होती. त्याचं अक्षर जराही हललं नाही, असं लोक सांगतात. हललं असणारच.

दिवेलागणीला तो उठला. सावकाश धोतर नेसला, बंडी चढवली, उपरणं खांद्यावर घेतलं आणि कचेरीची किल्ली गादीवर ठेवली.

"उपाशी मरशीन," केशोराव म्हणाला.

"मरीन, मालक. पन नेसून मरीन."

घरी देवकाबाई दारातच उभी होती. "काय मनलन मालकानं?"

"काही नाही."

"मंग उद्या कोनतं काढू? हेच का पांढरं?"

"पंचा काढून ठेव," शालीकराम पाय धुता धुता म्हणाला. "उद्यापासून धानाच्या रोवन्याले जाईन."

दिवाणजीच्या घरात मजुराचा पंचा कधी लागलाच नव्हता. पदर सारखा करून देवकाबाई शेजारच्या कवडू मजुराच्या दारात गेली आणि त्याच्या बायकोला हळूच म्हणाली,

"प्रेमिला, कवडूचा एखादा जुना पंचा हाये का वो?"