दोघींच्या सहीचं खातं

बँकेचा कागद पुढे सरकवून मुलगी इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली. लाँड्रीवाल्या काकूंनी चष्मा सापडत नसल्याचं सांगितलं. चष्मा त्यांच्या डोक्यावरच होता.

अठरा पूर्ण झाल्यावर अनाथाश्रमाने निरोप दिला, तेव्हापासून ही मुलगी वर्षभर बसस्थानकाच्या बाकांवर झोपली होती. काकूंनी तिला कामाला लावलं, मागची खोली दिली, बँकेत खातं उघडून दिलं. पगारातला तिसरा हिस्सा त्यात जायचा. दोघींच्या सह्यांशिवाय पैसे निघायचे नाहीत, ही अट काकूंचीच; पोरीला कुणी गोड बोलून लुबाडू नये म्हणून. आता दोन वर्षांनी भाड्याच्या खोलीची अनामत जमली होती.

काकूंनी आठ दिवस चालढकल केली. आज गिऱ्हाइकांची गर्दी, उद्या डोकं दुखतंय. त्यांचा स्वतःचा मुलगा विसाव्या वर्षी भांडून गेला तो गेलाच. त्यानंतर ‘जेवलात का?’ असं विचारणारी त्यांना ही मुलगीच भेटली होती.

नवव्या दिवशी त्यांच्याच्याने राहवलं नाही. “इथं काय कमी आहे गं तुला? राहा की माझ्याजवळ. भाडं कशाला भरतेस उगाच?”

मुलीने हातातल्या शर्टाची घडी पुरी केली. “कमी काहीच नाही, काकू. पण रोज उठल्यावर मी आधी पिशवी बघते. भरलेली आहे ना, ते.”

काकू काहीतरी निमित्त काढून मागच्या खोलीत गेल्या. उशाशी पिशवी होती, चेन लावलेली. दोन वर्षांत खुंटीला एक कपडासुद्धा अडकवलेला नव्हता. मग बाहेर येऊन त्यांनी पेन मागितलं. सही वाकडी आली, पण बँकेने ती चालवून घेतली.

रविवारी काकू तिची नवी खोली बघायला गेल्या. तीन जिने चढता चढता छाती भरून आली. दारावर टकटक केली.

“कोण?” आतून आवाज आला. घाबरलेला नव्हे, घरातल्या माणसाचा.

“मी गं,” काकू म्हणाल्या.

आतली कडी नवी, घट्ट होती. निघायला वेळ लागला. तेवढा वेळ काकू केस सारखे करत, पाहुण्यासारख्या दाराबाहेर उभ्या राहिल्या.